वांग, लव आणि लेसर

दसरा आटोपला की नागपूरच्या वर्तमानपत्रांतून दोन तऱ्हेच्या जाहिराती झळकू लागतात. एक सोन्याच्या, दुसऱ्या चेहऱ्याच्या. सोन्याच्या पूर्वीपासून होत्याच. चेहऱ्याच्या म्हणजे आमच्या लहानपणी एखादा स्नो, एखादी पावडर, फार तर मुरुमांवरचे मलम. आता धरमपेठेतून रामदासपेठेकडे पायी निघावे तर पाट्या वाचता वाचता मान अवघडते. नको असलेल्या केसांपासून कायमची सुटका, वांगाला रामराम, डाग-खड्डे-सुरकुत्या-टॅटू या सर्वांवर एकच इलाज, लेसर! आणि प्रत्येक पाटीवर एक गोरीपान, गुळगुळीत बाई हसते आहे. या बाईने नागपूरचा वैशाख आयुष्यात एकदा तरी काढला असेल, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. त्यामुळे आमच्या आळीतल्या मुली, सुना आणि अलीकडे मुलगेसुद्धा मला थांबवून विचारतात, "काकू, ते लेसर म्हणजे नेमकं काय करते हो? करू की नको करू?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. दुसऱ्याचे मिळविण्यासाठी मी पुस्तके चाळली, ओळखीच्या दोनतीन त्वचारोगतज्ज्ञांना पुष्कळ पिडले, आणि भाचीच्या निमित्ताने दवाखान्यांच्या बाकांवर तास न् तास बसले. त्या भाचीची हकीकत पुढे येईलच. आधी थोडे विज्ञान. वाचकांनी घाबरून पान उलटू नये. घरातल्या उदाहरणांनीच काम भागते.

मे महिन्यात बर्डीवर काळी छत्री घेऊन जाणाऱ्याला आणि पांढरे उपरणे डोक्याला गुंडाळून जाणाऱ्याला जो फरक कळतो, तोच या साऱ्या उपचारांचा पाया आहे. काळा रंग ऊन पितो आणि तापतो. पांढरा ते परतवून लावतो. आपल्या कातडीतील काळा रंग म्हणजे मेलॅनिन. केसाच्या मुळाशी तो असतो, वांगात असतो, तिळात असतो. प्रकाशाचा जोरदार झोत कातडीवर टाकला तर जिथे काळेपण अधिक तिथे तो अधिक शोषला जाईल, ती जागा तापेल आणि जळून जाईल; आजूबाजूची फिकट जागा वाचेल. कल्पना एवढीच. पण ती अमलात आणावयाची तर प्रकाश साधा चालत नाही. दिव्याचा प्रकाश म्हणजे जत्रेतली गर्दी. ज्याला जिकडे वाटेल तिकडे तो चाललेला, आणि त्यात सात रंगांची माणसे. लेसर म्हणजे कवायत करणारी पलटण. सारे एका रंगाचे, एका दिशेने, एका पावलाने.

असा प्रकाश निर्माण होऊ शकेल याचे सूत्र आइन्स्टाइनने १९१७ साली मांडले. प्रत्यक्षात तो झोत १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन याने एका माणकाच्या कांडीतून काढला. त्यानंतर दोनतीन वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन हा झोत माणसाच्या कातडीवर टाकून पाहू लागले. यात आपल्या मराठी मुलखाचाही एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कार्बन डायॉक्साइड वायूचा लेसर, जो आज मुरुमांच्या खड्ड्यांपासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्रास वापरतात, तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झालेले. प्रकाशाचा आणि नागपूरचाही संबंध अगदीच नाही असे नव्हे. सर चंद्रशेखर रामन हे १९१० च्या सुमारास सरकारी हिशेबखात्याचे अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. गांधीसागर तलावापाशी त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे, तिथे मी किती वर्गांच्या सहली नेल्या त्याची गणती नाही. असो.

नुसता रंग जुळला म्हणून भागत नाही. झोत किती वेळ टाकावयाचा याला फार महत्त्व आहे. आमची आजी शेगडीबाहेर पडलेला निखारा दोन बोटांनी उचलून परत आत टाकी. बोट भाजत नसे, कारण उष्णता आत शिरण्यापूर्वीच काम झालेले असे. अँडरसन आणि पॅरिश या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ साली हेच तत्त्व कातडीला लावून दाखविले. ज्या वस्तूला जाळावयाचे तिची उष्णता शेजारी पसरण्याच्या आतच झोत आटोपला पाहिजे. केसाचे मूळ जाड. त्याला सेकंदाचे काही सहस्रांश लागतात. गोंदणाच्या शाईचा कण अतिसूक्ष्म. त्याला सेकंदाचे काही अब्जांश पुरतात. म्हणून केसांचे यंत्र वेगळे आणि गोंदणाचे वेगळे. 'आमच्याकडे एकाच मशीनवर सगळे होते' असे कोणी अभिमानाने सांगू लागला तर तिथून चपला घालाव्यात.

आता आपल्या अडचणीकडे येऊ. गोऱ्या माणसाच्या कातडीत मेलॅनिन थोडे, आणि केस काळा. झोताला ओळख पटण्यास काही अडचण नाही. आपल्याकडे केसही काळा आणि वरची कातडीही गव्हाळ, सावळी किंवा चांगलीच काळी. चोराला धरावयास आलेल्या शिपायाने दारातल्या घरधन्यालाच धरावे, तसे होते. झोत केसापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वरच्या थरात शोषला जातो आणि कातडी भाजते. १९९६ च्या सुमारास केसांसाठी जी माणकाची यंत्रे निघाली ती मुळात गोऱ्या कातडीला धरूनच होती. पुढे ज्यांची किरणे अधिक खोल जातात आणि वाटेतल्या मेलॅनिनला कमी भुलतात अशी यंत्रे आली; त्यांपैकी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एन-डी-याग हे सावळ्या-काळ्या कातडीस त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात.

डॉक्टर लोक कातडीचे सहा प्रकार मानतात. हे वर्गीकरण फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली केले. कोण उन्हाने भाजतो आणि कोण रापतो, यावरून. गंमत अशी की मूळ वर्गीकरण केवळ गोऱ्यांसाठी होते. सावळे आणि काळे लोक मागाहून पुरवणीत आले. आपण भारतीय बहुतेक चौथ्या-पाचव्या वर्गात बसतो. तेव्हा डॉक्टराने तुमचा वर्ग ठरविल्याखेरीज यंत्राचे बटण दाबले, तर त्याने मापे न घेता ब्लाउज शिवला असे समजावे. फरक इतकाच की ब्लाउज उसवता येतो.

भाचीचे असेच झाले. माझ्या नणंदेची मुलगी. लग्न गेल्या मार्गशीर्षातले ठरलेले. मैत्रिणींनी लग्नाआधीची मजा म्हणून ताडोब्याला नेले. दोन दिवस उघड्या जिप्सीतून हिंडून, वाघ न बघता आणि चेहरा पुरता रापवून मंडळी परत आली. आठ दिवसांनी ती एका पार्लरात गेली. तिथे दिवाळीची सवलत होती आणि 'फोटोफेशियल' नावाचा प्रकार होता. हा खरे म्हणजे लेसर नव्हे, त्याला आय.पी.एल. म्हणतात. अनेक रंगांच्या प्रकाशाचा एकदम लखलखाट होतो, छायाचित्रकाराच्या फ्लॅशचा मोठा भाऊच तो. हातात धरण्याच्या भागाला आयताकृती काचेची खिडकी असते. पांढरा कोट घातलेल्या मुलीने काही विचारले नाही, गालावर थंड लगदा फासला आणि सुरुवात केली. भाची म्हणाली, "जळून राहिलं हो." उत्तर आले, "असंच वाटते ताई, असर होऊन राहिला."

असर रात्री दिसला. दोन्ही गालांवर पोस्टाच्या तिकिटाएवढे तांबूस आयत, एकाला एक लागून, विटांच्या भिंतीसारखे. चार दिवसांनी तांबूसपणा जाऊन ते तपकिरी काळे झाले. माझी नणंद डोळ्यांना पदर लावून बसली. तिला मुलीचे दुखणे दिसत नव्हते असे नाही, पण तिच्या डोळ्यांपुढे मांडव होता. "आता हिला उभी कशी करू मी चारचौघांत?" हेच तिचे पालुपद.

मी भाचीला धंतोलीत एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "त्याआधी पंधरा दिवसांत उन्हात गेली होतीस का?" ताडोबा सांगितल्यावर त्यांनी मान हलविली. रापलेल्या कातडीत मेलॅनिन नुकतेच वर आलेले असते. अशा चेहऱ्यावर हा प्रकाश टाकणे म्हणजे वाळलेल्या गंजीशेजारी काडी ओढणे. त्यांनी सौम्य मलम दिले, उन्हापासून जपण्यास सांगितले, आणि स्पष्ट सांगितले की हे डाग जातील, पण महिने लागतील. आणि या काळात कोणतेही यंत्र, कोणतेही 'पीलिंग', कोणताही घरगुती लेप लावावयाचा नाही. नणंद म्हणाली, "डॉक्टर, लग्न दीड महिन्यावर आहे. दुसऱ्या लेसरने हे लवकर नाही जाणार?" बाई म्हणाल्या, "काकू, भाजल्यावर भाजलं तर काय होते, ते तुम्ही स्वयंपाकघरात मला शिकवाल."

लग्न तिथीला झाले. भाचीने स्वतःच नवऱ्या मुलाला गालांसकट बोलावून दाखविले होते. त्याचे काही म्हणणे नव्हते, त्याच्या आईचे होते, पण ते तिने मनात ठेवले. मुलीच्या गालावर मेकअपचा थर होता. छायाचित्रकाराने मात्र कोणाला न विचारता अल्बममध्ये संगणकाने ते आयत पुसले, आणि त्यांच्याबरोबर तिच्या हनुवटीवरचा जन्माचा तीळही पुसला, रंगही दोन पायऱ्या चढविला. मुलगी अल्बम घेऊन त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "डाग ठेवायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण तीळ माझा मला परत द्या." डाग पुरते विरावयास आठ महिने लागले. पार्लरवाल्यांनी पुढच्या वेळी अर्ध्या किमतीत करून देण्याची तयारी दाखविली होती.

लोक सर्वांत अधिक येतात ते केसांसाठी. ओठांवरची लव, हनुवटीवरचे राठ केस. वर्षानुवर्षे दोरा फिरविणे, मेण लावून ओढणे, हे सोसलेल्या मुलीला लेसर हे वरदान वाटते, आणि पुष्कळ अंशी ते आहेही. पण 'कायमची सुटका' हा शब्द जाहिरातीतला. डॉक्टर 'केस कमी होणे' म्हणतात. कारण साधे आहे. सारे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढीस लागलेले, काही थांबलेले, काही गळावयाच्या बेतात. झोत लागू पडतो तो वाढत्या केसालाच. म्हणून चारसहा आठवड्यांच्या अंतराने सहाआठ बैठका, आणि पुढे वर्षाकाठी एखादी. त्यापूर्वी महिनाभर दोरा किंवा मेण चालत नाही. मूळच उपटल्यावर किरणाने कोणाला शोधावयाचे? वस्तरा मात्र चालतो. आणि यंत्र फिरताना रबरबँड ताणून सोडल्यासारखे चटके बसतात; जळक्या केसांचा वास येतो. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी. विशीतल्या मुलीच्या हनुवटीवर राठ केस येऊ लागले, पाळी पुढेमागे होऊ लागली, वजन वाढले, तर ते दुखणे चेहऱ्याचे नव्हे. बीजांडकोशाचे आणि संप्रेरकांचे असते. पी.सी.ओ.एस. हे नाव आता घरोघर ऐकू येते. अशा मुलीला आधी रक्ताच्या तपासण्या हव्यात. नुसते वरून जाळीत बसले तर नवे केस आतून येतच राहतात. क्वचित उलटाच प्रकार होतो. झोताच्या कडेकडेने पूर्वी नव्हते तिथे केस उगवतात. गालाच्या, गळ्याच्या बारीक लवेवर उगाच लेसर मारून घेणाऱ्या मुलींना हे ठाऊक असावे.

वांगाची कथा निराळी आणि जरा दुःखाची. आमच्या पिढीत बाळंतपणानंतर गालांवर वांग आला म्हणजे सासूबाई जायफळ उगाळून देत आणि विषय संपे. आज वांगाची बाई लेसरवाल्याकडे जाते, कारण तर्क सरळ वाटतो : काळा डाग आहे, लेसर काळ्याला जाळतो, मग जाळावा. पण वांग म्हणजे साठलेली शाई नव्हे. रंग तयार करणाऱ्या पेशीच चिडलेल्या असतात. त्यांना उष्णतेने आणखी चिडविले तर डाग महिनाभर फिका दिसतो आणि मग पूर्वीपेक्षा गडद होऊन परततो. म्हणूनच चांगले डॉक्टर वांगासाठी लेसरला शेवटची जागा देतात. प्रथम ऊन टाळणे, मग मलमे, मग पोटातली औषधे, तीही तपासून.

आणि हे ऊन म्हणजे केवळ भाजणारे ऊन नव्हे. आपल्या सावळ्या कातडीत डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही वांग गडद करतो, आणि नेहमीचे सनस्क्रीन तो अडवीत नाही. त्यासाठी ज्यात आयर्न ऑक्साइडचा रंग घातलेला असतो असे सनस्क्रीन घ्यावे लागते. गेरूला तांबडेपणा देते तेच हे द्रव्य. (गेरू मात्र कुंड्यांनाच लावावा.) नागपूरच्या मुली स्कूटरवर बसताना सुती ओढणी डोळे सोडून साऱ्या डोक्याला गुंडाळतात, त्याला बाहेरगावचे पाहुणे हसतात, चंबळच्या डाकूंची आठवण काढतात. हसोत बापडे. जाड विणीच्या, गडद रंगाच्या त्या ओढणीइतके स्वस्त औषध वांगावर दुसरे नाही.

लेसरवाल्याकडे येणाऱ्या कित्येक जणींचा चेहरा आधीच मलमांनी बिघडलेला असतो. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड अशा त्रिकुटाचे मलम औषधाच्या दुकानातून 'गोरेपणाचे' म्हणून घेऊन वर्षवर्ष लावतात. पहिला महिना चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, ऊन लागताच लाल होते, मुरूम येतात. आणि स्टिरॉइडने गालांवर लवही वाढते. ती लव काढावयास मुलगी लेसरला येते! केंद्र सरकारने २०१८ साली अशा चौदा स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची बंदी केली. आपल्या गल्लीतला दुकानदार ती पाळतो की नाही ते वाचकांनी स्वतःच पाहावे.

निनावी डबीतल्या मलमाचे याहून वाईट. अकोल्याच्या एका घरातील आई आणि दोन मुली यांची मूत्रपिंडे एकापाठोपाठ बिघडली, ही हकीकत २०२३ च्या आरंभी वर्तमानपत्रांतून आली होती. तिघी एकाच ठिकाणाहून आणलेले गोरेपणाचे मलम लावीत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्या मलमात पारा सापडला. कायद्याने सौंदर्यप्रसाधनात दहा लाख भागांत एक भागाहून अधिक पारा चालत नाही. यात त्याच्या कितीतरी पट होता. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून कातडी उजळते. आणि कातडीतून रक्तात शिरून तो मूत्रपिंडापर्यंत जातो.

इतके वाचून कोणास वाटेल की बाई या यंत्रांवर रुसली आहे. मुळीच नाही. जिथे डाग हा खरोखरच डाग आहे तिथे या प्रकाशाने जे केले आहे ते पूर्वी कोणालाच साधले नव्हते. दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी वर्ध्याकडची एक आई बसली होती. कॉलेजात जाणारी मुलगी सोबत. मुलीच्या एका डोळ्याभोवती, कपाळावर आणि गालावर निळसर काळा पट्टा, जणू कोणी शाईची दौत सांडली. याला ओटाचा डाग म्हणतात. त्याचे वर्णन जपानी डॉक्टर ओटा यांनी केले, आणि तो आपल्या आशियाई लोकांतच अधिक आढळतो. रंगाच्या पेशी कातडीत खोल बसलेल्या. मलमाचा तिथे हातच पोहोचत नाही. अब्जांश सेकंदाचे झोत सोडणाऱ्या लेसरने तो बैठकीगणिक विरत जातो. मुलीच्या पाच बैठका झाल्या होत्या. आई मोबाइलमधले जुने छायाचित्र काढून मला दाखवीत म्हणाली, "ही शाळेत असताना वर्गाच्या फोटोत नेहमी एक गाल वळवून बसायची जी." मुलगी तिकडे दुर्लक्ष करून समोरच्या काचेत आपले केस नीट करीत होती.

गोंदणाचेही तेच यंत्र. आमच्या खेड्यांतल्या बायांच्या कपाळावरचे, हातावरचे हिरवट काळे गोंदण काजळीचे असते. ते झोताने फुटते आणि शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी त्याचा चुरा उचलून नेतात. गावी गोंदलेल्या काकूंना ते काढावेसे वाटत नाही. येतात त्यांचे नातू, दंडावर कोणाचे तरी नाव रंगीत शाईने कोरून घेतलेले. काळी शाई जाते. हिरवी, पिवळी फार दाद देत नाही. नाव जाते आणि वेलबुट्टी उरते, असे एका डॉक्टरांनी सांगितले.

खड्ड्यांबद्दल थोडक्यात. मुरुमांनी पडलेल्या खड्ड्यांवर कार्बन डायॉक्साइडचा झोत चाळणीसारखा, बारीक बारीक छिद्रांनी टाकतात. मधली कातडी शाबूत राहते म्हणून जखम लवकर भरते आणि भरताना खड्डा उथळ होतो. ही चाळणीची युक्ती २००४ पासूनची. खड्डे बुजत नाहीत, सौम्य होतात. आणि नवे मुरूम येत असतील तोवर हे करूच नये.

कोडाचा उपचारही प्रकाशाचाच, पण उलट दिशेने. इथे रंग घालवावयाचा नसून आणावयाचा असतो. हा प्रकाश लेसरचा नव्हे, ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचा. आठवड्यातून दोनतीन वेळा, काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत, महिनोन् महिने. ही कल्पना आपल्याला परकी नाही. अथर्ववेदात पांढऱ्या डागांवर सूक्ते आहेत, आणि बावचीचे बी लावून उन्हात बसणे हा आपल्या वैद्यांचा जुना उपाय. बावचीसारख्याच एका इजिप्शियन वनस्पतीतील सोरालेन हे द्रव्य कैरोच्या एल मोफ्टी यांनी १९४८ साली कोडावर वापरून दाखविले, आणि १९७४ साली अमेरिकेत त्याला दिव्याची जोड मिळाली. बावचीने मात्र फोड येतात, ती स्वतःच्या बुद्धीने लावू नये. चेहऱ्यावरचे कोड बहुधा चांगली दाद देते. बोटांची टोके आणि ओठ फार चिवट. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचाविभागांतून हा उपचार मिळतो. आमच्या ओळखीत कोडाच्या एका ठिपक्यापायी ठरलेली लग्ने मोडली आहेत. ते लागट नाही, दुखत नाही, हे सुशिक्षितांनाही अजून सांगावे लागते.

आता शेवटच्या आणि सर्वांत अवघड गिऱ्हाइकाकडे वळते. हिच्या चेहऱ्यावर काही नाही; वांग नाही, लव नाही, खड्डा नाही. ही फक्त सावळी आहे. आईबरोबर येते, आणि बहुतेक वेळा बोलते आईच. "स्थळ आलं आहे डॉक्टर, दोन महिन्यांत जरा उजळ करून द्या." 'लेसर टोनिंग' या नावाखाली अशांना बैठकांमागून बैठका देणारे दुकानदार आहेत. हलक्या झोतांनी थोडा काळ टवटवी येते हे खरे. पण जन्मजात रंग कोणत्याही झोताने बदलत नाही, आणि फार मागे लागले तर पांढुरके ठिपके पडतात, ते मग काढता येत नाहीत. ज्या मेलॅनिनवर ही चढाई चालते तेच नागपूरच्या उन्हात आपली छत्री आहे. गोऱ्या देशांत कातडीच्या कर्करोगाने जो उच्छाद मांडला आहे तो आपल्याकडे इतका नाही, याचे श्रेय त्याच सावळेपणाला. धंतोलीच्या बाईंनी माझ्यादेखत अशा एका मायलेकींना परत पाठविले. मुलगी उठताना हसली, आई नाही. त्या दुसऱ्या कुठे गेल्या असतील याची मला चिंता वाटते.

ज्यांना जावयाचेच आहे त्यांनी थंडीत जावे. कार्तिक ते माघ हे आपल्याकडचे त्यातल्या त्यात बरे दिवस. चैत्र-वैशाखात या उपचारांच्या वाटेला जाऊ नये. डॉक्टरांची त्वचारोगातील पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. यंत्र कोणते, माझ्या कातडीवर का, हे विचारावे. कानामागे किंवा जबड्याखाली एकदोन टिंबे मारून, काही दिवस थांबून, मगच चेहऱ्याला हात लावू द्यावा. डोळ्यांवर आडोसा हवाच. भुवयांच्या खाली, पापणीजवळ लेसर मारून घेऊ नये. चालू असलेली औषधे, जुना व्रण वाढून जाड होण्याची खोड, गरोदरपण, काहीही लपवू नये. आणि बैठक जर नरकचतुर्दशीच्या आगेमागे झाली असेल तर त्या वर्षी चेहऱ्याला उटणे लावू नये. एरवीही उटणे लावावे, घासू नये. काथ्याने, वज्रीने खसाखसा घासून मान आणि खांदे काळे करून घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि त्या काळेपणाला मळ समजून आणखी घासतात.

माझ्या हनुवटीवरही चार केस आहेत, हे वयाचे देणे. एवढा अभ्यास झाल्यावर मी धंतोलीच्या बाईंना सहज म्हटले, "माझ्यावरही एकदा फिरवा की तुमचे यंत्र." त्यांनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाल्या, "काकू, हे तर पांढरे झाले. किरणाला दिसणारच नाहीत. चिमटा आहे ना घरी?" चिमटा आहे. इतवारीतून आणलेला, पितळी, अजून चांगला धरतो.